दोन इंच वर

मी बोलतेय ती जरा उंचावरून. यात शिष्टपणा काही नाही, मला खरोखरच उचललेलं आहे. माझ्याच कंपनीची, माझ्याच वयाची दुसरी गाडी माझ्या शेजारी उभी करा आणि खाली वाकून बघा. तिच्या पोटापेक्षा माझं पोट दोन इंच वर दिसेल. ते दोन इंच मिळवायला एका बाईने जेवढी खटपट केली, तेवढी लोक घर बांधतानाही करत नाहीत.

माझा जन्म चारचौघींसारखाच. एका लांबलचक शेडमध्ये पट्ट्यावरून सरकत सरकत मी पूर्ण झाले. कुणी दारं लावली, कुणी काचा बसवल्या, शेवटी एकाने बॉनेटवर थाप मारली आणि तो म्हणाला, "चला, पुढची." माझं कौतुक तिथेच संपलं.

पहिला मालक विहिरी खोदणारा ठेकेदार होता. त्याने मला गाडी म्हणून कधी वापरलंच नाही, हमाल म्हणून वापरलं. लोखंडी नळ्या, सिमेंटच्या गोण्या, त्यावर माणसं. माझे मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, तेव्हाच बसले. पाटे बसले म्हणजे गाडी कमरेतून वाकते. माणसांचंही असंच होतं, पण ती निदान काठी घेतात.

मग मला डॉक्टरांनी घेतलं. डॉक्टर म्हणजे जनावरांच्या डॉक्टर. गाडी बघायला आल्या तेव्हा त्यांनी इंजिन ऐकलं नाही की रंग पाहिला नाही. मागचं दार उघडून आत हात पसरला आणि म्हणाल्या, "वासरू मावेल."

त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. मी त्यांना चष्मेवाले म्हणते. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद, आणि त्या दिवशी ते माझ्या बाजूच्या सीटवर. आधी खिशातून चष्म्याचं मऊ फडकं काढून माझी पुढची काच आतून-बाहेरून पुसायचे. म्हणायचे, "काच पुसली की रस्ता अर्धा सुधारतो." बायकोला ते 'डॉक्टर' म्हणून हाक मारायचे आणि वर डॉक्टरांनाच कामातल्या सूचना द्यायचे, पण लांब कुंपणाबाहेर उभं राहून. गाईला ते घाबरायचे. हे सगळ्या वस्त्यांना ठाऊक होतं. लोक मुद्दाम म्हणायचे, "या ना आत, साहेब, काही करत नाही ती." ते तिथूनच हात हलवायचे.

त्या दिवशीही दुकान बंद होतं. पठारावरच्या वस्तीत एक गाय अडली होती. डॉक्टरांनी ती सोडवली, हात धुतले, आणि आम्ही परत निघालो. चष्मेवाले गप्प होते. गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टर, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय."

डॉक्टरांनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि मला ओढ्यातल्या जवळच्या वाटेला घातलं. ती वाट आम्ही एरवी टाळायचो. तिथे दोन्ही चाकोऱ्या खोल गेल्या होत्या आणि मधे एक रुंद दगड वर आला होता. माझी पुढची चाकं पलीकडे गेली. मग माझं पोट टेकलं.

गाडी टेकते म्हणजे काय होतं, ते चालवणाऱ्याला एका क्षणात कळतं. चाकं फिरतात, धूळ उडते, इंजिन जीव तोडून ओरडतं, आणि गाडी तिथेच. सगळं वजन दगडाने पेललेलं असतं, चाकांना धरायला काही उरतच नाही. डॉक्टरांनी मागे घ्यायचा प्रयत्न केला. खाली उतरून चाकांखाली दगड सारले. जॅक लावला, तो वाळूत रुतला. मग सगळं टाकून त्या आत आल्या. एक हात नवऱ्याच्या छातीवर आणि एक हॉर्नवर. मला ओरडणं असं एकच येतं, ते मी ओरडत राहिले. मधेच चष्मेवाले काहीतरी म्हणाले. माझ्याच आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

वस्तीवरची माणसं धावत आली. त्यांनी चष्मेवाल्यांना घोंगडीत घातलं आणि खालच्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. तिथून दुधाची गाडी मिळाली. मी दारं उघडी टाकून तिथेच राहिले.

पुढचं मला नंतर शेडमधल्या बोलण्यावरून कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासलं, स्टेथोस्कोप गळ्यात परत अडकवला आणि म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर..." तेवढ्यात त्याला कुणीतरी आतून हाक मारली आणि तो गेला. त्याने ते वाक्य पुरं केलं नाही.

मला ट्रॅक्टरने ओढून आणलं. तेलाच्या चेंबरला तडा गेला होता. उस्तादने, म्हणजे आमच्या मेकॅनिकने, तो सांधला आणि मला घराशेजारच्या शेडमध्ये उभं केलं.

मला दुखलं नाही. लोखंडाला दुखत नाही म्हणतात. ते खरंच असावं, कारण डॉक्टरांनाही दुखत नव्हतं. त्या रोज पायी कामावर जायच्या, कुत्र्यामांजरांना टोचायच्या, संध्याकाळी परत येऊन माझ्या स्टिअरिंगमागे बसायच्या. किल्ली लावायच्या नाहीत. लोक भेटायला यायचे, धीर द्यायचे, त्या "हो" म्हणायच्या. जेवलात का, "हो." झोप लागते का, "हो." बाजूची सीट मागे पाडलेली होती तशीच होती. त्या तिच्याकडे बघायच्याही नाहीत आणि तिला हातही लावायच्या नाहीत.

घरात आता त्यांची नणंद राहत होती. चष्मेवाल्यांची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. चार दिवसांसाठी आली ती राहिली, आणि भावाचं दुकान कुलूप लावून ठेवणं बरं दिसत नाही म्हणून सकाळी तिथे जाऊन बसू लागली. आल्यागेल्याला फ्रेम दाखवायची, चेहरा गोल असेल तर तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक तुटायच्या ऐवजी वाढलं.

एका संध्याकाळी डॉक्टरांनी फोन काढला आणि माझ्या कंपनीच्या शोरूमला लावला. म्हणाल्या, "मला गाडी दोन इंच उचलायची आहे. लिफ्ट किट हवंय."

पलीकडचा मुलगा गोड बोलला. "मॅडम, या मॉडेलचं आता आम्ही काहीच ठेवत नाही. नवी घ्या ना! ऑफर चालू आहे. सनरूफ आहे तिला."

"तिचं पोट किती उंच आहे?"

"सनरूफ खूप मोठं आहे, मॅडम."

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांना राग आला नाही. राग यायलाही माणूस जागेवर असावा लागतो.

मग त्या मला घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेल्या. बऱ्याच दिवसांनी माझं इंजिन सुरू झालं होतं. त्या दुकानात गाड्यांचे दागिने मिळत होते. रंगीत दिवे, स्टिकरं, शिंगं. दुकानदाराने काचेवर चार काळे ठोकळे ठेवले. "हे घ्या किट. तीन इंच उचलतो. एका तासात लावून देतो."

"याने दगडावरून जाता येईल?"

त्याने डॉक्टरांकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे. "जायचंय कशाला? पोरं लावतात आणि फोटो काढतात."

ते ठोकळे डॉक्टरांनी उस्तादला दाखवले. उस्ताद हसला. "बाई, चपलेखाली वीट बांधून उंच होता येतं, पण पळता येत नाही. स्प्रिंग तीच, शॉकअप तेच, नुसतं खाली काहीतरी कोंबलंय. खड्ड्यात हे सगळ्यात आधी निसटेल. खरं किट म्हणजे पुढच्या स्प्रिंगा, मागचे पाटे, लांब शॉकअप, सगळं नवं. आणि ते तुमच्या गाडीच्या वजनाचं पाहिजे."

"कोण देतं असं?"

"तेच तर कठीण आहे."

मग डॉक्टरांनी घरबसल्या मागवायचं ठरवलं. फोनवर फोटो बघितले, मॉडेल टाकलं, वर्ष टाकलं. बऱ्याच दिवसांनी एक जड खोकं आलं. उस्तादने ते शेडमध्ये उघडलं, एक स्प्रिंग माझ्या चाकाशेजारी धरली आणि काहीच न बोलता परत खोक्यात ठेवली. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची होती. माझ्या दीडपट मोठ्या.

बेबीताई दारात उभी होती. इतके दिवस तिने दाबून ठेवलेलं त्या खोक्यासमोर बाहेर पडलं.

"वहिनी, पुरे झालं आता! कुठे चढायचंय तुला? दादा असताना हे सुचलं नाही. आता या स्प्रिंगा काय त्याला परत आणणार आहेत?"

उस्तादने पाने गोळा केले आणि तो बाहेर निघून गेला.

डॉक्टर म्हणाल्या, "टेप कुठे आहे, बेबी? खोकं परत पाठवायचंय."

"मी काय बोलतेय आणि तू काय बोलतेस!"

"चिकटपट्टी. त्या फळीवर बघ."

बेबीताईने टेप शोधून आणली, खोक्यावर आपटली आणि गेली. त्यानंतर दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं. दूध आलं, दिवा लावला, किल्ली कुठे आहे. एका घरात दोन बायका एकाच माणसासाठी झुरत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी शेडमधून त्यांच्या खोल्यांचे दिवे बघायची. दोन्ही लागलेले असायचे, वेगवेगळे.

शेवटी नंबर उस्तादनेच आणला. जंगलातली आग विझवणाऱ्या गाड्यांना जी बाई स्प्रिंगा करून देते, तिचा. दुसऱ्या शहरात तिचा छोटा कारखाना होता. डॉक्टरांनी माझ्यात बसून फोन लावला.

"स्प्रिंग, बोला." मागे काहीतरी धडधडत होतं. "मोठ्याने बोला, प्रेस चालू आहे!"

डॉक्टरांनी मॉडेल सांगितलं, दोन इंच सांगितलं.

"फोटोसाठी की रस्त्यासाठी?"

"रस्त्यासाठी."

"मग पुढचं बोलू. पुढे लोखंडी बंपर, ओढायला विंच, असलं काही?"

"नाही."

"मागे सामान?"

"औषधांची पेटी, पाण्याचे कॅन, दोर. कधीतरी वासरू."

"वासरू रोज असतं का?"

"नाही."

"मग वासरू राहू द्या. रोजचं सांगा. माणसं किती?"

प्रेस धडधडत राहिली.

"आवाज येतोय का? माणसं किती बसतात?"

"दोघं होतो," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि आता?"

डॉक्टरांच्या हाताखाली माझं स्टिअरिंग होतं. हात नुसता पडून राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

स्प्रिंगवाल्या बाईंनी पलीकडे कुणाला तरी प्रेस बंद करायला सांगितलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, चौकशा म्हणून विचारत नाही. वजन कळल्याशिवाय तार किती जाड घ्यायची ते मला ठरवता येत नाही. रिकाम्या गाडीला जाड तार दिली तर ती दणके देत चालते. भरलेल्या गाडीला पातळ दिली तर परत बसते. सावकाश सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा फोन केला नाही. मला वाटलं, संपलं. बाकीच्यांनी 'नाही' म्हटलं तरी ज्या थांबल्या नव्हत्या, त्या 'हो' म्हणणाऱ्या बाईपाशी थांबल्या. 'एक' म्हणायचं तर ते तोंडातून बाहेर यायला हवं होतं.

मग एका दुपारी डॉक्टर शेडमध्ये माझ्या मागच्या भागातली औषधं लावत होत्या आणि फोन पुढच्या सीटवर वाजला. हात भरलेले होते. बेबीताई चहासाठी हाक मारायला आली होती, तिने उचलला. स्पीकर लागला.

"डॉक्टर, वजनाचं काय ठरलं? माझी तार संपत आलीय, तुमच्यासाठी बाजूला ठेवू का?"

"कसलं वजन?" बेबीताईने विचारलं. "मी त्यांची नणंद."

"गाडीत एक माणूस धरायचं की दोन. दोघं होतो म्हणाल्या, मग काही बोलल्याच नाहीत. मीही पुढे विचारलं नाही."

बेबीताई फोन हातात धरून उभी राहिली. डॉक्टर मागे औषधाच्या बाटल्या सरळ करत होत्या. आधीच सरळ असलेल्या.

मग बेबीताई वळसा घालून आली, दुसरं दार उघडलं, बाजूची सीट खाटकन सरळ केली आणि बसली.

"वहिनी, दोन सांग."

"दुसरं कोण?"

"मी. दुकान बंद असतं त्या दिवशी मला तरी घरात काय काम असतं?"

डॉक्टर पुढे आल्या. त्यांनी बेबीताईकडे वरून खाली बघितलं, गोठ्यात जनावराकडे बघतात तसं. नुसत्या नजरेने वजन सांगण्याची त्यांची ख्याती आहे.

"बहात्तर."

"पासष्ट!"

"बहात्तर आहेस, बेबी."

"चपला काढून पासष्ट."

फोनमधून आवाज आला, "मी सत्तर धरते. दोघींचंही राहील."

किट आलं. या वेळी माझंच होतं. उस्तादने मला उचलून धरलं, गंजलेल्या स्प्रिंगा काढल्या, ठेकेदाराच्या ओझ्याने बसलेले पाटे काढले. ब्रेकचे पाइप तोकडे पडत होते, ते बदलले. चाकांची दिशा लावून घेतली. त्याने मला खाली सोडलं तेव्हा शेडची चौकट जरा खाली आल्यासारखी वाटली. तो म्हणाला, "बाई, आता स्टूल घेऊन फिरा." मला आनंद वगैरे झाला नाही. उंची वाढली, एवढंच.

आम्ही ओढ्याच्या वाटेने गेलो. कुणाचा फोन आला नव्हता, कुठली गाय अडली नव्हती. बेबीताईने वरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

दगड तसाच होता. माझ्या तेलाचा डाग त्यावर अजून होता. डॉक्टरांनी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं पलीकडे उतरली. दगड माझ्या पोटाखाली आला, आणि टेकला नाही. डॉक्टरांनी मला नेमकी तिथेच उभी केली. उतरल्या, जमिनीवर आडव्या झाल्या आणि माझं पोट आणि दगड यांच्या मधे हात घातला.

"जातो हात?" बेबीताईने वरून विचारलं.

"जातो."

डॉक्टर तशाच पडून राहिल्या. गाल मातीला लागला होता. हात त्या फटीत मागेपुढे करत होत्या. मग उठल्या, कपडे झटकले, आत येऊन बसल्या.

बेबीताई म्हणाली, "वहिनी, एक विचारू? शेवटी तो काही म्हणाला का?"

"म्हणाले."

"मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"सांगण्यासारखं नव्हतं."

"तरी सांग."

"मी हॉर्न वाजवत होते. तर म्हणाले, 'डॉक्टर, तो हॉर्न बंद करा हो, कान गेले माझे.'"

"एवढंच?"

"एवढंच. नंतर काही नाही."

बेबीताईला हसू फुटलं. तिने तोंडावर हात घेतला, पण ते थांबेना, आणि मग कुठल्या वळणावर त्याचं रडू झालं ते तिलाही कळलं नाही. "दादाच तो," ती म्हणत होती. "दादाच तो." डॉक्टर रडल्या नाहीत. लांबच्या रस्त्यावरून कुणी जाताना बघावं तशा बेबीताईकडे बघत राहिल्या. पण बेबीताईने त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि तो त्यांनी काढून घेतला नाही.

"आणि तो डॉक्टर म्हणाला ते?" बेबीताईने नाक पुसत विचारलं. "थोडं आधी आणलं असतं तर. मी तुला त्यावरूनच मनातल्या मनात..."

"माहीत आहे."

"त्याला परत विचारायचं का? दादा खरंच वाचला असता का, ते?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो काही उत्तर देईल. मग मी त्या उत्तराचं काय करू?"

त्यांनी मला गिअरमध्ये टाकलं. आम्ही वर वस्तीत गेलो. गाईचा मालक कुंपणापाशी आला आणि मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "आम्ही मुद्दामच बोलावलं नाही, बाई. आमच्याच कामाला आला होतात ना त्या दिवशी. कुठल्या तोंडाने बोलवायचं?"

"मग जनावरं कोण बघतंय?"

"कुणी नाही."

डॉक्टरांनी मागचं दार उघडलं आणि पेटी काढली. "सोड एकेक."

संध्याकाळपर्यंत काम चाललं. बेबीताई गाईला घाबरत नव्हती. नको तिथे धरत होती, नको तेव्हा ओरडत होती, दोनदा शेणात घसरली, पण कुंपणाच्या आत होती.

उतरताना रस्त्यावर फोन लागू लागला तेव्हा स्प्रिंगवाल्या बाईंचा आला.

"कशी चालतेय?"

"टेकत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"वा! मग आता बरं वाटतंय ना?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच असल्या प्रश्नाला त्यांनी 'हो' म्हटलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "बरं नाही वाटत."

मग बाई म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते बरं केलंत. आता ऐका, थोडं चालवून झाल्यावर सगळे बोल्ट परत आवळून घ्या. विसरू नका."

"नाही विसरणार."

उस्तादने ते आवळले. त्यालाही आता बरेच दिवस झाले. आठवड्यातून एकदा आम्ही तिघी वर जातो. चिखल असतो, धूळ असते, कधी मागे वासरू असतं. डॉक्टर कमी बोलतात, बेबीताई दोघींचं बोलते. रस्ता काही सुधारलेला नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या वाटेला आलात आणि समोरून उंच, मळकी, म्हातारी गाडी येताना दिसली, तर तेवढी बाजू द्या. हात दाखवून थांबवू नका. आत बसलेल्या बाईंना 'कशा आहात' असं विचारू नका. जनावरांचं विचारा. ते त्या नीट सांगतात.

चला. फाटक उघडतंय, आणि बेबीताई माझ्या पायरीच्या नावाने बोटं मोडत चढतेय. निघते मी.